किती मोरचूद, किती कोळंबी, किती बरण्या: डोस-रिस्पॉन्सचा पहिला प्रयोग आखताना

भाट्याच्या खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या काढायला उतरतात, त्यातल्या एका मावशींनी मला मागे विचारलं होतं, "वरती वाडीत सुपारीला मोरचूद मारतात, तो पावसात पऱ्यानं खाली येतो, त्यानं तिसऱ्या मरतात काय गो?" मी तेव्हा "मरत असतील" म्हणून मोकळी झाले आणि नंतर दोन दिवस ते डोक्यातून जाईना. कारण ह्याचं उत्तर हो किंवा नाही असं नसतंच, किती मोरचूद उतरला, किती तास राहिला, पाणी किती खारं होतं, जीव केवढा होता, ह्यावर सगळं अवलंबून आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस हेच सांगून गेला की विष ठरतं ते मात्रेवर. पण ती मात्रा शोधायची कशी, त्यासाठी बरण्या किती, जीव किती, डोस कुठे ठेवायचे, हे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एमएस्सीच्या मुलांना कोणी नीट बसवून शिकवत नाही, मग प्रयोग करून झाल्यावर आकडे घेऊन येतात आणि विचारतात ह्याला कुठली टेस्ट लावू. तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हे लिहितेय, अगदी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. उदाहरण एकच घेऊ, मोरचूद आणि कोळंबीची पिल्लं, म्हणजे हॅचरीवाले ज्यांना पीएल म्हणतात ती.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर लिहा. "तांब्याचा कोळंबीवर परिणाम" हा प्रश्न नाही, ते फार तर फाइलवरचं नाव झालं. प्रश्न असा पाहिजे: "२५ पीपीटी (हजार भागांत २५ भाग मीठ) खारटपणाच्या पाण्यात ९६ तासांत निम्मी पीएल मरतील अशी तांब्याची मात्रा किती, आणि तो अंदाज किती पक्का?" ह्या मात्रेला एलसी५० म्हणतात. ह्यात जीव आला, वेळ आली, पाणी आलं, मोजायची गोष्ट आली. ह्यातलं एक जरी बदललं तरी उत्तर बदलतं, २४ तासांचा एलसी५० आणि ९६ तासांचा एलसी५० हे दोन वेगळे आकडे आहेत.

निम्मी का, तर १९२७ साली ट्रेव्हननं दाखवलं की सगळे मरतील असा किंवा एकही मरणार नाही असा डोस शोधायला गेलं तर तो पकडीत येत नाही, एखादा चिवट किंवा एखादा नाजूक जीव सगळा हिशेब हलवतो, मधला मात्र बऱ्यापैकी स्थिर राहतो. पण नीट विचार करा, तुम्हाला खरंच मधला पाहिजे का. खाडीचं संरक्षण हा हेतू असेल तर निम्मी कोळंबी मेल्यावर जाग येऊन काय उपयोग, तिथे एलसी१० (दहा टक्के मरतील ती मात्रा) जास्त कामाचा, आणि एलसी१० पाहिजे असेल तर डोसची मांडणी वेगळी लागते. म्हणून हे आधी ठरवायचं.

अजून एक. मावशींनी विचारलं होतं तिसऱ्यांबद्दल आणि आपण करतोय कोळंबीवर. तिसरी, कालवं, शिनाणे हे शिंपले मिटून घेतात, पाण्यात काही वावगं आलं की बंद, मग ती मेलीय की दबा धरून बसलीय हे कळायला वेळ लागतो आणि ९६ तासांचा आकडा फसवा निघू शकतो. शिकायला पीएल सोप्या, हलतात-पोहतात ते दिसतं. पण मग निष्कर्षात तिसऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळा. आणि माशांवर करणार असाल तर संस्थेच्या प्राणी-प्रयोग समितीची परवानगी आधी, कोळंबीसाठी तुमच्या संस्थेत काय लागतं ते गाईडला विचारून घ्या.

पायरी २: मोरचूद म्हणजे तांबं नव्हे

इथे फार जण चुकतात. मोरचुदाचे निळे खडे म्हणजे तांबं, सल्फेट आणि पाणी. २४९.७ ग्रॅम मोरचुदात तांबं फक्त ६३.५ ग्रॅम, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या जरा वर. लिटरला १ ग्रॅम तांबं असलेलं स्टॉक सोल्यूशन करायचं असेल तर ३.९३ ग्रॅम मोरचूद घ्यावा लागतो. एखाद्यानं १ ग्रॅम मोरचूद टाकून त्यालाच १ ग्रॅम तांबं धरलं तर त्याचा एलसी५० जवळजवळ चौपट मोठा येईल, आणि कोळंबी आहे त्यापेक्षा चौपट कणखर दिसेल. म्हणून अहवालात "मिलिग्रॅम प्रति लिटर, तांबं म्हणून" असं स्पष्ट लिहा. खडे लॅबच्या ग्रेडचे घ्या, बोर्डो मिश्रणासाठी दुकानात मिळतात ते नकोत.

स्टॉक डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. त्यातून दहापट पातळ असं दुसरं करा, लिटरला १०० मिलिग्रॅमचं. २ लिटरच्या बरणीत ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर पाहिजे असेल तर त्यातलं ४ मिली लागेल, हे नीट मोजता येतं, मूळ स्टॉकमधून ०.४ मिली काढायला गेलात तर पिपेटची चूकच जास्त भरेल.

आणि टाकलं तेवढं तांबं पाण्यात मोकळं राहतंच असं नाही. खाडीच्या पाण्यातला सेंद्रिय गाळ त्याला धरून ठेवतो, बरणीच्या भिंतीलाही काही चिकटतं. हॅचरीवाले तर पाण्यात ईडीटीए घालतात, ते घालतातच मुळी जड धातू बांधून टाकायला, त्यामुळे पीएल हॅचरीतून आणल्या आणि त्यांच्या पिशवीतलं पाणीही बरणीत ओतलं तर तुमचं तांबं निम्मं निकामी झालेलं असू शकतं. पीएल स्वच्छ गाळलेल्या पाण्यात काढून घ्या, मगच पुढे. सुरुवातीला, पाणी बदलायच्या आधी आणि शेवटी प्रत्येक डोसच्या बरणीतलं पाणी काढून एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रावर) मोजून घेता आलं तर फार उत्तम, मग आलेखावर टाकलेला डोस न घेता मोजलेला घ्या.

(आंब्यावर तुडतुड्यासाठी मारतात ती पायरेथ्रॉइड जातीची औषधं घेणार असाल तर गोष्ट अजून अवघड. कोळंबीसारख्या जीवांना ती अतिशय जहाल, पाण्यात नीट विरघळत नाहीत, काचेला चिकटतात, ॲसिटोनमधून द्यावी लागतात. मग नुसत्या पाण्याचा कंट्रोल, म्हणजे विष न घातलेली तुलनेची बरणी, पुरत नाही, ॲसिटोन घातलेला दुसरा कंट्रोलही लागतो, आणि ॲसिटोन लिटरला ०.१ मिलीच्या वर नको. पहिल्या प्रयोगाला हे घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.)

पायरी ३: आधी चाचपणी

थेट मोठा प्रयोग मांडू नका. चार-पाच बरण्या, प्रत्येकीत १० पीएल, डोस दहा-दहापटीनं: ०.०१, ०.१, १, १० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एक कंट्रोल. ह्यातून आकडा काढायचा नसतो, फक्त सगळं घडतंय कुठे ते बघायचं असतं. समजा ०.१ ला कोणी मेलं नाही, १० ला सगळ्या मेल्या, १ ला काही मेल्या. बास, खेळ ०.१ आणि १० च्या मध्ये आहे. ही चाचपणी वाचवायला जातात लोक, आणि मग मोठ्या प्रयोगात सहापैकी चार डोसला शंभर टक्के मर होते, दोनशे-अडीचशे जीव घालवून हातात काही नाही. मला ते बघवत नाही खरंच, जीव लहान असला म्हणून काय झालं.

पायरी ४: डोस पटीत ठेवा

०.२ पासून ६.४ पर्यंत सहा डोस ठेवायचे. नवीन माणूस सारखं अंतर ठेवतो: ०.२, १.४४, २.६८, ३.९२, ५.१६, ६.४. बघा, सहातले चार २.५ च्या वर, जिथे बहुतेक सगळंच मरणार, आणि खाली जिथे आलेख वळणार तिथे एकटा ०.२. पटीत ठेवा: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.४. जिवाचा प्रतिसाद साधारण मात्रेच्या लॉगवर सरळ चालतो, त्यामुळे लॉगवर सारखं अंतर हवं. माशांच्या तीव्र विषारीपणाच्या, ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत, क्रमांक २०३, निदान पाच डोस आणि दोन डोसमधली पट शक्यतो २.२ च्या वर नको असं दिलंय, आपण २ ची घेतली, ठीक आहे.

निदान दोन-तीन डोस असे पडले पाहिजेत जिथे काही मरतात, काही जगतात. शून्य आणि शंभर टक्क्यांतून वक्राचा उतार कळत नाही. गणितानं बघितलं तर नेहमीच्या लॉजिस्टिक (एस आकाराच्या) वक्रासाठी सगळ्यात जास्त माहिती देणारी मांडणी फक्त दोन डोसची निघते, एक साधारण १८ टक्के मर होते तिथे आणि एक ८२ टक्के होते तिथे. पण ते दोन डोस कुठे आहेत हे आधीच माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता, शिवाय दोन बिंदूंतून वक्राचा आकार बरोबर धरलाय की नाही हे तपासताच येत नाही. म्हणून पाच-सहा डोस, हा आपला विमा.

एलसी१० पाहिजे असेल तर वरचा ६.४ काढा आणि खाली ०.१ घाला. आणि खालच्या डोसकडे अजून एका कारणानं लक्ष ठेवा, कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं जे हिमोसायनिन असतं त्यात तांबंच असतं, म्हणजे तांबं तिला थोडं लागतंच, तेव्हा अगदी कमी मात्रेला कंट्रोलपेक्षा बरी अवस्था दिसली तर आकडा चुकला म्हणून खोडू नका.

पायरी ५: एकक बरणी आहे, कोळंबी नाही

ह्या लेखातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी मला पुरे. एका बरणीत ३० पीएल सोडल्या म्हणजे ३० रेप्लिकेट, एकाच डोसच्या ३० स्वतंत्र नोंदी, झाल्या असं नव्हे. डोस तुम्ही बरणीला दिलाय. त्या बरणीचं झाकण, त्या बरणीचं एअरस्टोन, त्या बरणीत पिपेटनं पडलेला थेंब, हे त्या तिसाही जणींना सामाईक. त्यात पीएल एकमेकींना खातात, एक कमजोर झाली की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात, म्हणजे एकीचं मरण दुसरीशी बांधलेलं आहे. हर्लबर्टनं १९८४ साली ह्या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, आपण खोटे रेप्लिकेट म्हणू.

हिशेब करून बघा. एका बरणीतल्या जिवांचं नशीब किती सारखं ह्याचा एक आकडा असतो, तो समजा ०.१. बरणीत जितके जीव असतील त्यातून एक वजा करा, त्याला ०.१ नं गुणा, त्यात एक मिळवा. ३० पीएलची एकच बरणी असेल तर ते येतं ३.९, म्हणजे तुमच्या ३० पीएल माहितीच्या बाबतीत ३० भागिले ३.९, जेमतेम ८ जणींएवढ्या. त्याच ३० पीएल दहा-दहाच्या तीन बरण्यांत टाकल्या तर आकडा १.९, आणि माहिती जवळजवळ १६ जणींएवढी. पीएल तेवढ्याच, मोरचूद तेवढाच, फक्त बरण्या तीन, आणि माहिती दुप्पट. शिवाय एकच बरणी असेल तर बरण्यांमधला फरक किती हे कळायला मार्गच नाही. गर्दी करू नका, बरण्या वाढवा.

मग किती? डोसला ३ बरण्या, सहा डोस, झाल्या १८. कंट्रोलला जास्त लागतात कारण प्रत्येक डोसची तुलना त्याच एका कंट्रोलशी होणार असते. १९५५ साली डनेटनं कंट्रोलशी तुलनेची जी पद्धत दिली तिच्यासोबतचा ठोकताळा असा की डोस जितके त्याच्या वर्गमुळाएवढ्या पट बरण्या कंट्रोलला द्या, सहाचं वर्गमूळ २.४५, म्हणजे ३ च्या जागी सात. आपण सहा घेऊ, कारण मग २४ बरण्या होतात आणि तीन फळ्यांवर आठ-आठ नीट बसतात. १० पीएल प्रत्येकीत, एकूण २४०. बरणीत २ लिटर म्हणजे एका वेळी ४८ लिटर पाणी, ४८ तासांनी बदलायला अजून ४८, वर थोडं हाताशी.

एक समजून घ्या, बरण्या ठराविक असतील आणि तुम्हाला वक्र काढायचा असेल तर डोस जास्त आणि प्रत्येकी बरण्या कमी हे चालतं, बऱ्याचदा तेच बरं. डोसांची कंट्रोलशी एकेक तुलना करायची असेल तर उलट.

पायरी ६: फळ्या आणि चिठ्ठ्या

माझ्या पहिल्या प्रयोगात मी बरण्या डोसच्या क्रमानं ओळीत लावल्या होत्या, कंट्रोल दरवाज्याशी आणि सगळ्यात जास्त डोस खिडकीशी. दिसायला छान, मोजायला सोपं. मे महिना होता, दुपारी त्या खिडकीतून ऊन यायचं, शेवटच्या बरण्यांचं पाणी बाकीच्यांपेक्षा दोन-तीन डिग्री जास्त तापायचं हे मला तिसऱ्या दिवशी थर्मामीटर बुडवल्यावर कळलं. वरच्या डोसला मर जास्त झाली ती तांब्यानं की उन्हानं, हे आता जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. तीन आठवड्यांचं काम आणि ते सगळे जीव वाया गेले, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

म्हणून आता असं करते. तीन फळ्या म्हणजे तीन ब्लॉक. प्रत्येक फळीवर सहाही डोस एकेकदा आणि कंट्रोल दोनदा, आठ बरण्या. फळीवर कोण कुठे हे भिशीसारख्या चिठ्ठ्या काढून ठरवायचं, प्रत्येक फळीसाठी वेगळ्या. वरची फळी जास्त तापत असेल तर तापू दे, तिथे सगळेच डोस आहेत, हिशेबात फळीचा फरक वेगळा काढता येतो. जूनमधल्या वादळात लाईट गेली आणि एका फळीचं एअरेटर बंद पडलं तर तेही त्या फळीपुरतंच राहतं, फक्त किती वाजता गेलं नि कधी आलं ते वहीत लिहा. खरं तर बॅटरीवरचे एअरेटर आणून ठेवा, आपल्याकडे लाईटचा भरवसा धरून ९६ तासांचा प्रयोग मांडायचा नाही.

चिठ्ठ्या बरण्यांच्या जागेसाठी काढतात लोक, पण पीएल वाटताना विसरतात. जाळीत आधी कोण सापडतं? जी हळू आहे, मरगळलेली आहे ती. पहिल्या बरणीत दहा, मग दुसरीत दहा असं भरलं तर पहिल्या बरण्यांत सगळ्या कमजोर जातात. एकेका बरणीत दोन-दोन टाकत फिरा, पाच फेऱ्या, आणि फेरीचा क्रमही चिठ्ठीचाच. बरणीवर डोस न लिहिता नुसता नंबर लिहा, कुठला नंबर म्हणजे कुठला डोस ते मैत्रिणीकडे ठेवायला द्या. ६.४ ची बरणी आहे हे माहीत असलं की डोळा आपोआप मेलेली शोधतो.

पायरी ७: मेली म्हणजे काय, हे आधी लिहा

काचेच्या कांडीनं हलकं टोचल्यावर १० सेकंदांत काही हालचाल नाही म्हणजे मेली, असं काहीतरी एक ठरवा आणि सगळे दिवस तेच पाळा. २४, ४८, ७२, ९६ तासांना मोजा, मेलेल्या लगेच काढा. आणि हरवलेल्यांचं काय ते आधी ठरवा, कारण दहातली एक सापडत नाही असं हमखास होतं, खाल्लेली असते. मी हरवलेली ती मेलेली धरते आणि तसं लिहिते, पण तिचा वेगळा रकाना ठेवते.

रोज पाण्याचं तापमान, पीएच, खारटपणा, ऑक्सिजन. ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली गेला तर मरण तांब्याचं की गुदमरल्याचं सांगता येणार नाही. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त मर झाली तर प्रयोग बाद, माशांच्या आणि डॅफ्निया ह्या पाणपिसवांच्या प्रमाणित चाचण्यांत हीच मर्यादा आहे. बाद म्हणजे बाद, पीएलची बॅच खराब असेल, पाणी खराब असेल, कारण शोधा.

आणि खारटपणाचं कोकणात विसरून चालणारच नाही. जानेवारीतलं खाडीचं पाणी आणि जुलैतलं पाणी ह्यात जमीन-अस्मानाचा फरक, पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटतं. प्रयोगाचं सगळं पाणी एकाच वेळी आणून एका टाकीत ढवळून, गाळून घ्या, पीएलना त्या खारटपणाची आधी सवय करा. एका बॅचवरचा प्रयोग त्या बॅचपुरता. वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या बॅचवर परत करा, तो खरा दुसरा प्रयोग.

पायरी ८: मांडायच्या आधी कॉम्प्युटरवर करून बघा

आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाका. समजा खरा एलसी५० १.१३ आहे आणि वक्राचा उतार नॅचरल लॉगवर २ आहे. प्रत्येक डोसला मरायची शक्यता काढा, त्या शक्यतेनं २४ बरण्यांचे खोटे आकडे पाडा, वक्र बसवा, एलसी५० लिहून ठेवा, हे हजार वेळा करा. मला स्वतःला सांख्यिकी जी काही समजली ती पुस्तकातून कमी आणि ह्यातून जास्त.

वर दिलेल्या मांडणीत डोसला ३० पीएल धरून कागदावर हिशेब केला तर एलसी५० चा ९५ टक्के पट्टा (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा तो) साधारण ०.९१ ते १.४० येतो. बरण्यांतला सारखेपणा ०.१ धरला तर तोच ०.८४ ते १.५२ होतो. आणि एलसी१० सारखेपणा न धरतासुद्धा ०.३८ येतो आणि पट्टा ०.२६ ते ०.५४, म्हणजे वरचं टोक खालच्याच्या दुप्पट, एलसी५० ला ते दीडपटच होतं. हे प्रयोगाच्या आधी कळलं की ठरवता येतं, एवढा पट्टा चालेल का, की बरण्या वाढवायच्या, की डोस खाली सरकवायचे. उतार चुकीचा धरला असेल म्हणून १, २, ३ असे वेगवेगळे उतार घालूनही बघा.

पायरी ९: आकडे आल्यावर

मांडणी नीट असेल तर हे काम एका दुपारचं. मेल्या-जगल्या ह्या आकड्यांवर, डोसच्या लॉगवर, प्रॉबिट नाहीतर लॉजिट वक्र बसवा. प्रॉबिट हे नाव कीटकशास्त्रात काम करणाऱ्या ब्लिसनं १९३४ साली दिलं. दोन्हींचे एलसी५० जवळजवळ सारखे येतात, फरक टोकांना पडतो. कंट्रोलचा डोस शून्य, आणि शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून काही जण तिथे ०.००१ घालतात. तसं करू नका, कंट्रोलची मर हा वेगळा आकडा म्हणून मॉडेलमध्ये घ्या, आरमधल्या डीआरसी पॅकेजमध्ये तशी सोय आहे. हातानं करायचं तर ॲबटचं १९२५ चं सूत्र आहे, कंट्रोलला ५ टक्के आणि डोसला ४० टक्के मर असेल तर ४० वजा ५, भागिले ९५, म्हणजे ३६.८ टक्के. बरण्यांत फरक अपेक्षेपेक्षा जास्त दिसला तर साध्या बायनोमियलवर थांबू नका, तो जादा फरक धरणारं क्वासी-बायनोमियल घ्या, पट्टा रुंद होईल, होऊ दे, तो खरा आहे.

शून्य मर दिसली की "सुरक्षित" लिहायची घाई करू नका. ३० पैकी एकही मेली नाही तरी खरी मर १० टक्क्यांपर्यंत असू शकते, १० पैकी एकही नाही तर जवळजवळ २६ टक्क्यांपर्यंत. म्हणूनच ज्या सगळ्यात वरच्या डोसला कंट्रोलपेक्षा फरक सिद्ध झाला नाही त्यालाच बिनधोक धरायची जी एनओईसीची पद्धत आहे ती मला पटत नाही. तो आकडा तुम्ही निवडलेल्या डोसांपैकीच एक असतो, आणि प्रयोग जितका ढिसाळ, बरण्या जितक्या कमी, तितका फरक सिद्ध होत नाही आणि तितका "बिनधोक" आकडा वर जातो. खाडीच्या वाईटावर आणि निष्काळजी माणसाच्या फायद्यावर चालणारी पद्धत आहे ती. मागितलाच तर द्या, पण शेजारी एलसी१० आणि त्याचा पट्टा ठेवा.

लिहिताना एलसी५०, त्याचा पट्टा, उतार, तास, तापमान, खारटपणा, पीएलचं वय, बरण्या किती, मात्रा मोजलेली की टाकलेली, हे सगळं एकत्र. उतार विसरू नका, दोन रसायनांचा एलसी५० एकच असला तरी एकाचा वक्र कड्यासारखा आणि दुसऱ्याचा घाटासारखा असू शकतो, आणि कड्याच्या बाबतीत मात्रा जराशी वाढली तरी सगळंच जातं.

संपल्यावर बरण्यांतलं पाणी मोरीत किंवा पऱ्यात ओतायचं नाही. एका ड्रममध्ये गोळा करा, चुन्याची निवळी घालून तांबं खाली बसू द्या, तो गाळ लॅबच्या घातक कचऱ्यात द्या. उरलेल्या जिवंत पीएल वन्नामेई असतील तर खाडीत सोडू नका, ती आपल्याकडची जात नाही.